भगवानरावांचा फोन

अकीलनं दार आतून लावलं, भगवानरावांना उजव्या हातावर चढवलं आणि डाव्या हातानं इंजिनिअरचा नंबर लावला. बाहुली हातात असल्याशिवाय त्याला त्यांचा आवाज काढताच येत नसे.

भगवानराव म्हणजे तालुक्याचे मोठे पुढारी. जिल्ह्याच्या केबल चॅनलवर दर शनिवारी त्यांची रबरी बाहुली यायची. भोपळ्याएवढं नाक, कानापर्यंत टोपी. रोहिणखेडच्या नाल्यावरच्या एकाच पुलाचा नारळ ती दर आठवड्याला फोडायची आणि म्हणायची, "काम झालं समजा." लोक पोट धरून हसायचे. बाहुलीतला हात अकीलचा, आवाजही त्याचाच.

अकीलला मात्र हसू येत नव्हतं. रोहिणखेड त्याचंच गाव, आणि शाळा नाल्यापलीकडे. गेल्या पावसाळ्यात त्याची पोरगी आसमा दहा पावलं वाहत गेली होती. एका गुराख्यानं वेणी धरून ओढलं म्हणून वाचली.

"पूल झाला तर शाळा," बायको मुबीनानं निक्षून सांगितलं होतं. "नाही तर जूनपासून पोरगी घरी."

तेव्हापासून आसमा धड जेवत नव्हती. बापाचा जीव तुटत होता. पूल कागदावर तीन वर्षांपासून मंजूर, पण इंजिनिअर तायडे काही हलत नव्हते.

"तायडे, भगवानराव बोलून राह्यलो," अकील घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कार्यकर्त्याच्या फोनवरून लावला. रोहिणखेडचा पूल काऊन अडला हो?"

पलीकडे तायडेंनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"साहेब, म्हणजे... सुरू करू म्हणता?"

"सोमवारी मशीन लागली पाहिजे."

"हो साहेब. लावतो साहेब."

फोन ठेवला तेव्हा अकीलचा सदरा घामानं चिंब झाला होता.

सोमवारी खरंच मशीन आली. गावानं तोंडात बोटं घातली. अकील मात्र पुढचे चार महिने जीव मुठीत धरून होता. भगवानरावांना कळलं तर बाहुली जाईल, चॅनल जाईल आणि आपले हातपायही जागेवर राहायचे नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

उद्घाटनाला भगवानराव स्वतः आले. फीत कापली, माईक हातात घेतला.

"लोकहो, म्या फकस्त एक फोन केला. सोमवारी मशीन हजर."

टाळ्या पडल्या. अकीलनं सुटकेचा श्वास टाकला. दिवसाला शंभर फोन करणाऱ्या माणसाला हाही आपलाच वाटला असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. आसमा एव्हाना पुलावरून तीनदा जाऊन आली होती.

तेवढ्यात तायडे त्याच्याजवळ येऊन उभे राहिले.

"आवाज मस्त काढता तुम्ही," ते हळूच म्हणाले.

अकीलनं हात जोडले. "साहेब, माफी द्या. पोरीसाठी केलं. पण तुम्ही वळखलं कवा?"

"तवाच. फोनवरच."

"मंग काम काऊन सुरू केलं?"

"कोणी विचारलं तर 'साहेबांचाच फोन आला' म्हणून सांगाले मले एक फोन पाहिजे होता. तो तुम्ही केला. एकदा गावानं मशीन पाह्यल्यावर काम थांबवायची कोणाचीच हिंमत नव्हती." तायडे भगवानरावांकडे पाहत टाळ्या वाजवत राहिले. "खरे साहेब तं दर महिन्याले फोन करत, अकीलभाऊ. हा पूल होऊ देऊ नका म्हणून."