कोपऱ्यातला कॉम्प्युटर

जहीरच्या अहेरीतल्या कॉम्प्युटर क्लासात कोपऱ्यातला कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा. मेकॅनिकनं हात टेकले, तेव्हा जहीरनं तो जंगलातल्या नव्या शाखेसाठी राखून ठेवला. आदिवासी मुलांना तेवढा पुरे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

तो घेऊन जहीरची जीप त्या गावात शिरली तेव्हा म्हातारा लालसू आपल्या मेलेल्या पोरीच्या आठवणीचा लाकडी खांब कोरत बसला होता. अशा खांबावर गेलेल्या माणसाच्या आवडीच्या वस्तू कोरतात. यावर कॉम्प्युटर होता, कीबोर्डावरच्या अक्षरांसकट. आपली जाहिरात इथवर पोचली म्हणून जहीर खूश झाला.

“कॉम्प्युटर कुठी पाह्यला, लालसूभाऊ?”

“मी नाई पाह्यला. पोरगी सांगते, मी कोरतो.”

“तिनं कुठी पाह्यला?”

“जिती होती तवा नाईच. तुमी दरसाल म्हणत राह्यले, इथी क्लास काढतो. वाट पाहू पाहू तापानं गेली. आता रोज अहेरीले जाते, तुमच्या क्लासात. कोपऱ्यात बसते.”

जीपमधल्या बंद खोक्यात कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला. त्याची विजेची वायर सुटी, जीपमध्येच बसलेल्या जहीरच्या मांडीवर होती.

म्हाताऱ्यानं पटाशी खाली ठेवली.

“बरं केलं सर, तिले घरी आणलं.”