दोन कार्डं

तळहाताएवढ्या संगणक-बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि जुन्या टीव्हीवर मोबाइलसारखी चित्रं उमटली. आठवडाभर डोकं फोडल्यावर मुरलीधररावांच्या बोर्डात बसवलेल्या मेमरी कार्डावरून अँड्रॉइड, म्हणजे मोबाइलची प्रणाली, अखेर चालू झालं.

बायकोची नजर अधू. फोनच्या पडद्यावर तिला माणूस ओळखू येत नसे, म्हणून हा खटाटोप. अपघातात लेक ऋजुता गेली, तिच्या मोबाइलचा चुरा झाला, पण आतलं नखाएवढं मेमरी कार्ड शाबूत निघालं होतं. लेकीचे सगळे व्हिडिओ त्यातच होते.

"लागला का हो?" बायकोनं खुर्ची पुढे ओढली.

"लागला. आता तिचं कार्ड जोडतो."

त्यांनी टेबलावरचं कार्ड जोडलं. आत काहीच नव्हतं. काढून फुंकर मारून पुन्हा जोडलं. तरी काही नाही. मग भिंगातून त्यावरचा बारीक आकडा वाचला. बत्तीस जीबी. लेकीचं कार्ड सोळाचं होतं. हे तर आधीचं बिघडलं म्हणून त्यांनीच सकाळी अँड्रॉइडसाठी दुकानातून आणलेलं, कोरं.

म्हणजे बोर्डात बसवलेलं कार्ड लेकीचं. दोन्ही सारखीच काळी, शेजारी शेजारी ठेवलेली. सकाळी अँड्रॉइड चढवताना संगणकानं विचारलं होतं, कार्डावरचं आधीचं सगळं पुसायचं का? आठवड्यात दहाव्यांदा विचारत होता तो. त्यांनी न वाचताच 'हो' दाबलं होतं.

बायकोनं पदरानं चष्मा पुसला आणि टीव्हीकडे तोंड करून बसली.

"जरा मोठ्यानं लावा," ती म्हणाली. "तिचा आवाज पहिल्यापासूनच बारीक."