दोरीची जोडी

स्टीलचा मग पुन्हा वाजला. डॉक्टरच्या सॅकला बाहेरून लटकवलेला तो मग पावलागणिक एका लोखंडी कडीवर आपटत होता, आणि तो टणटणाट नवऱ्याच्या गिर्यारोहण क्लबबरोबर पहिल्यांदाच आलेल्या तिच्या डोक्यात जात होता.

डॉक्टर म्हणजे दातांची डॉक्टर. नवरा डॉक्टरच्या मागे दोन पावलांवर चालत होता. त्याच्या मागे क्लबचे बाकीचे लोक, आणि सगळ्यात शेवटी, क्लबच्या म्हाताऱ्या लीडरबरोबर, ती. "पाहुणे माझ्याबरोबर," असं लीडरनी बसमधून उतरतानाच सांगून टाकलं होतं.

"तो मग आत का नाही ठेवत त्या?" तिने विचारलं.

"गेल्या वर्षीपासून लटकतोय. आम्ही चेष्टा करून दमलो," लीडर म्हणाले. "तुमच्या मिस्टरांना मात्र चालतो."

चालणारच, ती मनात म्हणाली.

तिचं कपडे शिवायचं दुकान होतं. टाका कुठे उसवलाय ते तिला लांबूनही कळायचं, आणि घरातला टाका उसवून वर्ष होत आलं होतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बारीक कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या बाजारात कोणी नव्हता. हल्ली त्याने दुरुस्तीचं टेबलच बंद केलं आणि काउंटरवर बसून नुसती नवी घड्याळं विकायला लागला. कंटाळा आला, म्हणे. गाडीही विकली, चालवायचा कंटाळा. रविवारी मात्र पहाटेच तयार होऊन बसायचा, कारण न्यायला डॉक्टर यायची. सगळा कंटाळा घरच्यांच्या वाट्याला.

तिने चष्म्याची नवी लाल फ्रेम घेतली, तर आठवडाभर हा एक शब्द बोलला नाही. मग रविवारी क्लबमधून आला आणि दारातच म्हणाला, "लाल फ्रेम शोभते हं तुला." म्हणजे बायकोचं कौतुकसुद्धा आता तिकडून मंजूर होऊन यायला लागलं होतं. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

तरी तो ताकास तूर लागू देत नव्हता. परवा मात्र बाल्कनीत फोनवर बोलताना सापडला. "हिला अजिबात कळता कामा नये, डॉक्टर. एवढा सीझन जाऊ दे. मग माझं मीच सांगतो."

काय सांगणार, ते समजायला फार अक्कल लागत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "या वेळी मीही येते." त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "ये की."

येण्यासाठी तिने मुद्दाम नवं जॅकेट शिवलं, पिवळंधमक. सकाळी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कसं वाटतंय?"

"तू नेहमीच छान दिसतेस," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. मान वर न करताच.

कातळापाशी सगळे थांबले. डॉक्टर आधी चढून गेली, मग दोरीवर त्याची पाळी आली. ती खाली डोळ्यांत तेल घालून बघत उभी राहिली.

"डावा हात वर," वरून डॉक्टरचा आवाज आला. "अजून थोडा. हां, तिथेच. आता उजवा पाय, गुडघ्याइतका उंच. घाई नको. मी आहे."

मी आहे, म्हणे. तिने तहान नसताना पाणी प्यायलं. खाली बसली, लगेच उठली, जॅकेटची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"क्लबचा नियम आहे, दोरीची जोडी सीझनभर मोडायची नाही," लीडर कौतुकाने म्हणाले. "पण या दोघांना नियमाची गरजच नाही. ती बोलते, हा चढतो. अशी जोडी मी तरी पाहिली नाही."

तिने बाटलीचं झाकण करकचून आवळलं. बोलली असती तर भलतंच काहीतरी बोलली असती.

पाहुण्यांसाठी मागच्या बाजूने पायवाट होती. लीडर आणि ती त्या वाटेने निम्म्यावर पोचले, तेवढ्यात समोरून डॉक्टर धावत खाली येताना दिसली.

"कातळाखाली एकीचा पाय मुरगळलाय," ती लीडरना म्हणाली. मग तिच्याकडे वळून, "माझी सॅक वर न्याल का? तो वरच बसलाय, एकटाच." सॅक तिच्या हातात देऊन दोन पावलं गेली आणि थांबली. "जवळ जायच्या आधी हाक मारा हं. लांबूनच. दचकायला नको."

"माझाच नवरा आहे तो," ती म्हणाली.

डॉक्टर काहीतरी बोलणार होती, पण खालून पुन्हा हाक आली. लीडरही तिच्या मागोमाग उतरले.

आता मग तिच्याच पाठीवर वाजत होता. चालता चालता तिने काय बोलायचं ते पक्कं केलं. तुला तिच्याकडे जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पण माझ्या तोंडावर सांग. रडायचं नाही, हेही तिने स्वतःला दोनदा बजावलं.

माथ्यावर तो एका दगडावर बसला होता. आसपास कोणी नव्हतं. तिने हाक मारली नाही. सरळ चालत गेली आणि हातभर अंतरावर, त्याच्या पुढ्यात उभी राहिली. लाल फ्रेम, पिवळंधमक जॅकेट, तोंडावर लख्ख ऊन. पाठीवरचा मग एकदा वाजून थांबला.

त्याने मान वर केली, थेट तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसला.

"बरं झालं आलीस, डॉक्टर," तो म्हणाला. "ती वर यायच्या आत पटकन सांग, आज हिने कोणत्या रंगाचं घातलंय?"