घरचा शब्द

कळवणकडच्या एका शाळेत सायली मॅडम नुकत्याच रुजू झाल्या होत्या. चौथीतल्या रुद्रसारख्या निम्म्या मुलांच्या घरी अहिराणी, आफियाच्या घरी हिंदी. म्हणून मॅडमनी सोपा खेळ काढला. चेंडू झेलायचा, चित्रातल्या वस्तूला घरी काय म्हणतात ते सांगायचं आणि मग मराठी शब्द.

पहिला चेंडू आफियाकडे गेला. चित्र कांद्याचं होतं, तरी पोर चेंडू घट्ट धरून आजूबाजूच्या मुलांकडे बघू लागली.

"सांग गं, घाबरतेस काय?" मॅडम हसल्या.

"प्याज."

अख्खा वर्ग तिच्यावर तुटून पडला. गुद्दे बसले, लाथा बसल्या, कुणी वेणी धरून तिचं तोंड बाकावर आपटलं. मॅडमनी एकेकाला ओढून बाजूला केलं.

"आधीच्या सरांचा नियम हाय मॅडम," रुद्र धापा टाकत म्हणाला. "शाळेत घरची भाषा बोललं का सगळ्यांनी मारायचं."

मॅडमनी आफियाला पोटाशी धरलं.



आफियाने ओठावरचं रक्त पुसलं, हळूच हात सोडवून घेतला आणि खाली पडलेला चेंडू उचलला. "मॅडम, आता रुद्रकडे टाकू?"