छपराचं वजन

"शेगडी एका बर्नरची टाकू की दोन?" कोल्टनने विचारलं.

"एक पुरे," ड्वेन म्हणाला.

"दोन टाका," ग्लेंडा म्हणाली. "ह्याला कॉफी आणि अंडी एकदमच गरम लागतात. एक निवलं की दिवसभर तोंड फुगवून बसतो."

विक्रेता कोल्टन हसला. ड्वेन हसला नाही. मिझूला शहरातल्या त्या मोठ्या शेडमध्ये एका पिकअप ट्रकच्या पाठीवर, प्रवासात राहायचा नमुन्याचा कॅम्पर चढवून ठेवला होता. छप्पर मिटलेलं असलं की ती नुसती एक बसकी पेटी दिसायची. मुक्कामाला पोचल्यावर आत शिरून छप्पर वर ढकलायचं, की कापडी भिंती उभ्या राहून तिची खोली व्हायची. ग्लेंडाने हीटर हवा म्हणून सांगितलं, पलंगाच्या उशाला खिडकी मागितली. पण तिचं सगळं लक्ष छपराकडे होतं. आज ड्वेन ऑर्डर पक्की करायला एकटाच निघाला होता. तीच हट्टाने बरोबर आली होती.

छपरावरूनच सगळं अडलं होतं. "मी मासे धरायला गेलो आणि पाऊस आला तर छप्पर कोण उचलणार?" ड्वेन शरद ऋतूत म्हणाला होता. "तुझा खांदा ऑपरेशन केलेला. तुला ते नाही उचलता आलं, तर उन्हाळ्यात तुला अलास्काला न्यायचं कसं?" ग्लेंडाने ते मनावर घेतलं. अख्खा हिवाळा ती गॅरेजमध्ये कोंबड्यांच्या खाद्याची पन्नास पौंडांची गोणी डोक्यावर उचलत राहिली. आधी अर्धी, मग भरलेली. बर्फ वितळल्यावर तिने कोंबड्याही शेजारणीला देऊन टाकल्या. उन्हाळाभर घरी असणार कोण?

"आता छप्पर," ती म्हणाली आणि कोणी काही बोलायच्या आत कॅम्परमध्ये चढली.

पुढची बाजू जास्त जड, कारण तिच्यावर सौर पॅनल. ग्लेंडा वाकून तिच्याखाली गेली, तळवे टेकवले, श्वास घेतला आणि ढकललं. खांद्यात कळ आली. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. छप्पर वर गेलं, कापड ताडकन ताणलं गेलं, चारी बाजूंनी उजेड आत आला. तिने धडाधड खटके लावले.

"ड्वेन! बघितलंस का रे?"

दारातल्या पायरीशी उभा राहून ड्वेन कागदी कपातली कॉफी हलवत होता. "इथे सपाट जमीन आहे गं," तो म्हणाला. "तिथे वारा असतो, चढ असतो."

"मग वाऱ्यात उचलीन!" ती लहान मुलीसारखी हसली. इतकी खूश ती कित्येक महिन्यांत झाली नव्हती.

"मॅडम, कमाल केलीत," कोल्टन मनापासून म्हणाला. "पण एवढा जीव कशाला काढता? बटण दाबलं की आपोआप वर जाणारं छप्परही येतं. साहेबांना मी तेव्हाच सांगितलं होतं, पहिल्यांदा आले तेव्हा. ते म्हणाले, नको, हातानेच उचलायचं ठेव."

ग्लेंडाने ड्वेनकडे पाहिलं.

"गाडीला वजन होतं त्याने," ड्वेन म्हणाला.

"किती?"

"तसं फार नाही," कोल्टन म्हणाला. "पन्नासेक पौंड."

"म्हणजे एक गोणी," ग्लेंडा म्हणाली.

कोल्टनला हे काय चाललंय ते कळेना. त्याने घाईघाईने विषय बदलला. "आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे, साहेब, खालच्या बाकावर वेगळं झोपता येईल असं केलंय. दोघं भाऊ एका पलंगावर म्हणजे अवघडच."

शेडमध्ये कुठेतरी ड्रिल चालू होतं, ते थांबलं. मर्ल, ड्वेनचा धाकटा भाऊ, गेल्या रविवारीच त्यांच्याकडे जेवून गेला होता. अलास्काचा विषय निघाल्यावर त्याने बटाट्यांचं भांडं पुढे ओढून मान खाली घातली होती.

"मर्लने रजा टाकलीय गं," ड्वेन हळूच म्हणाला. "कधीचीच. आता त्याला कसं सांगू?"

"आणि मला कसं सांगणार होतास?"

"मला वाटलं..." तो कपात पाहत राहिला. "मला वाटलं, तुला जमणारच नाही. मग सांगायची वेळच आली नसती."

ग्लेंडाला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि राग आला तो त्या लाजेचा. गॅरेजच्या थंडीत कुडकुडत ती जे करत होती, ते हा माणूस रोज पाहत होता. ती हरेल म्हणून वाट पाहत होता.

"रोज खांद्याला मलम चोळून देत होतास ना रे?" तिने विचारलं. "ते कशाला?"



"मॅडम, छप्पर मी उतरवतो," कोल्टन पुढे होत म्हणाला.

"राहू द्या."

तिने एकेक खटका सोडला. भार अंगावर आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की छप्पर उतरवताना ते तोलून धरावं लागतं आणि तो सराव तिने कधी केलाच नव्हता. छप्पर एका बाजूला कललं. ड्वेन कप टाकून पायरी चढला.

"हात नको लावूस," ग्लेंडा म्हणाली.

तो तिथेच थांबला. छप्पर इंचाइंचाने खाली येत होतं, आतला उजेड कमी होत होता, आणि सकाळी निघताना त्याने तिच्या खांद्याला चोळलेल्या मलमाचा वास त्या दोघांमध्ये भरून राहिला होता.