आयडी क्रमांक १००१
म्झुझू शहरातल्या कॉलेजात नवा सर्व्हर बसवल्यावर प्राचार्य म्हांगोंनी वापरकर्त्यांची यादी मागितली. सर्व्हर सांभाळणाऱ्या वेझीने काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली आणि सगळे आयडी क्रमाने खाली उतरले. पहिलाच, १००१, न्यासुलूबाईंचा होता. प्राचार्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “झाडू मारणारी बाई पहिली आणि मी सत्तेचाळिसावा?” “चाचणीच्या दिवशी खातं उघडायला सगळ्यांना बोलावलं होतं, सर. त्या एकट्याच आल्या.” “पहिला नंबर मला दे, तिला शेवटी टाक.” वेझीची बोटं कळफलकावर थांबली. दारात फरशी पुसणाऱ्या न्यासुलूबाई उठून उभ्या राहिल्या. “देऊन टाक गं त्यांना नंबर,” त्या म्हणाल्या. “पासवर्ड तेवढा माझा राहू दे. महिनाभर घोकून कालच कुठे पाठ झालाय.” प्राचार्यांचा पासवर्ड अजून वेझीच टाकून द्यायची. ते निघून गेले. यादी तशीच राहिली.