दोन धुराडी

"अजून डावीकडं घे," शेजारचा हुबर्ट रस्त्यावरून म्हणाला. "उमेदवाराचा कान झुडपात गेलाय."

तेओफिलनं फलक सरकवून कुंपणाला पक्का बांधला. युरोपीय संसदेची निवडणूक जवळ आली होती आणि खाणकामगारांच्या या गल्लीत पक्षाचा फलक लावायचा मान नेहमी तेओफिलच्याच कुंपणाला मिळे. फलकावरचा उमेदवार हातात कोळशाचं ढेकूळ घेऊन हसत होता. खाली लिहिलं होतं, 'आमची भट्टी ब्रुसेल्सला विचारून पेटत नाही.'

"झकास," हुबर्ट म्हणाला. "तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून कोळसा टिकून आहे, तेओ."

तेओफिल खाली मान घालून दोरीच्या गाठी तपासत राहिला. खाई त्याला खवखवे.

कारण घराच्या मागे, सशांच्या खुराड्यापलीकडे फळ्या ठोकून केलेल्या आडोशात, एक यंत्र बसलेलं होतं. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर गरम करणारं, विजेवर चालणारं. ट्रूदाची, म्हणजे त्याच्या बायकोची छाती धुरानं भरून यायला लागली तेव्हा डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, घरात एक तर भट्टी राहील नाही तर बाई. हुबर्टच्या घरचे सगळे नातीला घेऊन समुद्रावर गेले होते, तेवढ्यात तेओफिलनं यंत्र बसवून घेतलं. त्याचा निम्मा खर्च ब्रुसेल्सनंच दिला होता. खाणकामगार संघटनेच्या सभेत ब्रुसेल्सला शिव्या घालताना त्याला हे आठवे आणि त्याचा आवाज आणखी चढे.

पण धुराडं थंड पडलं तर गल्ली काय म्हणेल? म्हणून तो रोज सकाळी तळघरात उतरून जुन्या भट्टीत थोडा कोळसा धुमसत ठेवी. तो नीट पेटत नसे, नुसता काळा धूर ओके. वर ट्रूदा खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबत बसे.

"तुझ्या इज्जतीनं मला फार खोकला येतो बाई," ती म्हणायची.

दोन दिवसांनी हुबर्टचा कोळसा आला. गाडीनं फुटपाथवर ढीग ओतला आणि गल्लीच्या रिवाजाप्रमाणे तेओफिल फावडं घेऊन मदतीला गेला. तळघराच्या खिडकीतून माल आत ढकलायचा. पण थोड्याच वेळात ढीग आतून वर येऊन खिडकी तुंबली.

"मागचा उरलाय," हुबर्ट पटकन म्हणाला. "हिवाळा सौम्य गेला ना."

"आमच्याकडंही तसंच," तेओफिल म्हणाला, आणि दोघांनी उरलेला कोळसा अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवला.

हुबर्टची नात किंगा त्या वेळी घरी नव्हती. ईस्टरच्या आठवड्यात तिला दम लागला, ओठ निळे पडले आणि रुग्णवाहिका येऊन तिला घेऊन गेली. तेव्हापासून ती डोंगरातल्या दवाखान्यात होती.

"वारा नेहमी त्यांच्या बाजूला वाहतो," ट्रूदा म्हणाली.

"त्यांच्या तळघरात काय गुलाबपाणी जळतं?" तेओफिल खेकसला. "नात आजारी, तरी भट्टी सोडवत नाही त्याला. मी निदान बायकोसाठी तरी केलं."

बोलून गेला खरा, पण लगेच त्याचं त्यालाच टोचलं. शेजाऱ्याच्या हट्टाला नावं ठेवायला हा कोण? उद्या हुबर्टनं यंत्र बसवायचं म्हटलं असतं, तर चारचौघांत पहिला टोमणा यानंच मारला असता.

मतदानाच्या रविवारी प्रार्थना आटोपून तेओफिल आणि हुबर्ट शाळेत गेले, मत टाकून बरोबरच परत निघाले. काळे सूट, चकचकीत बूट. तेओफिलच्या फाटकाशी आल्यावर हुबर्ट थांबला.

"किंगाला घरी सोडत नाहीत," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, धुरात परत नेलीत तर पुढच्या खेपेला हातात काही राहणार नाही. सून तिला घेऊन जर्मनीत स्वतःच्या आईकडं जायचं म्हणते. पोरगं माझं तिच्यामागं जाणारच. मग आम्ही म्हातारा-म्हातारी बसू, भिंतींशी बोलत."

तेओफिलनं आपल्या धुराड्याकडे पाहिलं. सकाळचा धूर अजून रेंगाळत होता. त्याला इतकी लाज वाटली की कान तापले. आयुष्यभर जमवलेलं नाव एका बाजूला आणि ती पोर दुसऱ्या बाजूला, आणि इतके दिवस हा नावाचीच बाजू घेत आला होता.

"ये माझ्याबरोबर," तो म्हणाला.

खुराड्यामागे जाऊन त्यानं फळ्या बाजूला केल्या. आत यंत्र मंद घरघरत होतं.

"ट्रूदासाठी बसवलं," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही समुद्रावर होता तेव्हा. घर यावरच चालतं. तूही बसवून टाक, हुबर्ट. किंगाला घरी आण. गल्लीत कुणी तोंड उघडलं तर मी बघून घेईन. सभेत उभा राहून सांगीन, हवं तर."

हुबर्टनं वाकून यंत्रावर हात ठेवला.

"मग रोज सकाळचा तो धूर?" त्यानं विचारलं.

"तो तुला दिसावा म्हणून." तेओफिल म्हणाला. "तू काय म्हणशील, याची लाज वाटायची."

हुबर्टनं टोपी काढली आणि सुटाची पर्वा न करता लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसला.

"आमचं न्हाणीघरामागं आहे," तो म्हणाला. "असंच. तू ट्रूदाला हवापालटाला नेलं होतंस तेव्हा बसवलं, किंगासाठी."

तेओफिलनं मान वर करून शेजारच्या धुराड्याकडे पाहिलं.

"आणि तुला दिसावा म्हणून मीही रोज सकाळी धूर काढत होतो, तेओ. तिच्या खोलीच्या खाली."